भिंतीवरचा रिकामा फुगा

"भिंत पांढरी ठेव," सासूबाई म्हणायच्या. "बाकी घरात काय वाटेल ते कर. भांडी बदल, पडदे बदल, माझ्या मुलाला बदलता आलं तर तोही बदल. पण रस्त्याकडची भिंत पांढरी ठेव. ती पांढरी आहे तोवर घरात कुणाचं तरी लक्ष आहे, एवढं येणाऱ्याजाणाऱ्याला कळतं."

मी "हो" म्हटलं होतं. त्यांच्या उशाशी बसून, त्यांचा हात हातात घेऊन म्हटलं होतं, त्यामुळे तो साधा हो नव्हता. त्यांच्या मुलाला बदलणं जमलं नाही. प्रयत्न केला नाही असं मात्र कुणी म्हणू नये. राहता राहिली भिंत.

इथे माझ्या नेमांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला. नेम काही मोठे नाहीत. सकाळी आंघोळ झाली की दुपारी देवापुढे दिवा लावेपर्यंत मी बोलत नाही. तेवढ्यात जप होतो, स्वयंपाक होतो, घर आवरून होतं. आणि दिवा लावल्यावर बोलते ते खोटं बोलत नाही. आमच्या ह्यांना पहिला नेम फार आवडतो. "हिच्या मौनाचं अर्धं पुण्य मला मिळतं," असं ते पाहुण्यांना सांगतात. दुसरा नेम त्यांना तितकासा आवडत नाही, विशेषतः पाहुणे समोर असताना.

बोलते तेव्हाही माझा आवाज लहानच. ह्यांच्या मते तो पुढच्या खोलीत पोचेपर्यंत चहासारखा निवतो. आणि दुकानात गेलं की मला काय हवंय ते दुकानदारालाच ठरवावं लागतं, अशी त्यांची कायमची तक्रार. ते खरं आहे. "हे चालेल," "तेही चालेल," "नसलं तरी चालेल," यापुढे माझी गाडी कधी गेलेली नाही.

तर या वर्षी त्या भिंतीला ओल आली.

आमचं घर तळमजल्यावर, कोपऱ्याचं. रस्त्याकडची भिंत सरळ वरच्या मजल्यापर्यंत जाते, खिडकी वरच्या मजल्याला एकच. ओलीचा डाग आधी बशीएवढा होता, मग परातीएवढा झाला. मी सेक्रेटरींकडे गेले. आमच्या इमारतीचे सेक्रेटरी फार सज्जन आहेत, पण त्यांना साधं "बसा" म्हणायचं असलं तरी ते कुठल्या नियमाखाली म्हणावं याचा आधी विचार करतात.

"वहिनी," ते म्हणाले, "ती भिंत आतून तुमची आहे. बाहेरून सगळ्यांची. मधल्या विटा कुणाच्या, यावर आपली सभा झाली होती, पण निर्णय झाला नाही."

"मी माझ्या खर्चानं पांढरा रंग देते," मी म्हटलं.

"काय म्हणालात?"

मी पुन्हा म्हटलं. त्यांनी कानामागे हात धरला. शेवटी बाजूला उभे असलेले आमचे हे ओरडले, "ती म्हणतेय, रंग देते," आणि एवढ्या आवाजानं वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई खाली आल्या.

डॉक्टरीणबाई दातांच्या. त्यांनी भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं, कान लावला आणि मान हलवली. "वरवर भरून उपयोग नाही. मुळापर्यंत कीड गेलीय. आधी कोरून घ्या, मग भरा. आणि तेवढे दिवस या बाजूनं पाणी लागू देऊ नका."

कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार वजनाचा काटा पुसत ऐकत होता. तो म्हणाला, "ओल जात नसते हो, ताई. तिच्यापुढे काहीतरी उभं करायचं असतं. माझ्या दुकानात मागच्या भिंतीला ओल आहे. तिच्यापुढे मी वाटाण्याचे डबे रचलेत, छतापर्यंत. आजवर एकाही गिऱ्हाइकानं ओल मागितलेली नाही."

अशा विचारविनिमयात डाग पोत्याएवढा झाला, आणि त्याच सुमारास माझी भाची राहायला आली.

भाची म्हणजे माझ्या दादाची मुलगी. दादाचं चष्म्याचं दुकान आहे, गावाच्या दुसऱ्या टोकाला. चित्रकलेचं शिक्षण झाल्यावर त्यानं तिला काउंटरवर बसवलं होतं. तिथे तिनं एका गिऱ्हाइकाला सांगितलं की तुम्ही चष्म्याशिवायच छान दिसता. गिऱ्हाईक खूश होऊन निघून गेलं, दरवाज्याच्या काचेला धडकलं, आणि त्या दिवशी बापलेकीत जे काही झालं ते होऊन ती पिशवी घेऊन माझ्याकडे आली. मागोमाग दादाही आला. आमच्या पुढच्या खोलीत खुर्चीच्या टोकावर बसून त्यानं अट सांगितली.

"एक काम दाखव," तो म्हणाला. "घरात टांगलेलं नको, घरात मीही टांगेन. रस्त्यावर, लोकांच्या डोळ्यांदेखत उभं असलेलं दाखव. आणि लोकांनी ते उभं राहू दिलं, हेही दाखव. पुन्हा दुकानाचं नाव काढणार नाही. नाहीतर काउंटर आहे. समोरच्याच्या नाकाचं माप घ्यायचं, फ्रेम द्यायची, गप्प बसायचं."

पोरगी नखांमधला निळा रंग काढत राहिली. तो गेल्यावर मला म्हणाली, "आत्या, तुझी ती भिंत मी रंगवून देते. रंगारी कशाला?"

मला बरं वाटलं. पोरीचा हात चालेल, भिंत पांढरी होईल, आणि सासूबाईंना दिलेला शब्दही पाळला जाईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जपाला बसले होते. आता, जप करताना माझी मान हलते. मुद्दाम नाही; नावाच्या लयीत ती आपोआप खाली-वर होते, आणि मन रमलं की जरा जास्तच होते. घरात हे सगळ्यांना माहीत आहे. आमचे हे तेवढ्या वेळात मला काही विचारत नाहीत. किंवा नेमकं तेव्हाच विचारतात. मोठा टीव्ही आणि त्यांच्या मित्रांची घरातली पत्त्यांची बैठक, दोन्ही असंच मंजूर झालेलं आहे.

भाचीला हे माहीत नव्हतं. ती माझ्यासमोर मांडी घालून बसली.

"आत्या, नुसती पांढरी करण्यापेक्षा वर चित्र काढू का?"

मान हलली.

"मोठं काढू? अख्खी भिंतभर?"

मान हलली.

"तुझाच चेहरा काढू?"

त्या वेळी माझा जप अगदी रंगात आला होता. शब्द कानावर पडत होते, पण अंगावरून पाणी ओघळावं तसे ओघळून जात होते. मी डोळे उघडले ते तिनं माझ्या गालाचा मुका घेतला तेव्हा. मला वाटलं, पोरगी प्रेमळ आहे.

मग भिंतीला बांबूंची परांची उभी राहिली. भाचीनं ओल खरवडली, गिलावा भरला, पांढरा हात दिला. मी बाहेर जाऊन पांढरा रंग पाहिला आणि निश्चिंत झाले. नंतर परांचीवर जुन्या चादरी टांगल्या गेल्या, तेव्हा धूळ उडू नये म्हणून असतील असं समजले. माझी भाज्या निथळायची चाळण नाहीशी झाली आणि गुलाबी होऊन परत आली, तेव्हाही मी काही म्हटलं नाही. सकाळ होती.

एका दुपारी दिवा लावून उठते तोच सेक्रेटरी दारात.

"वहिनी," ते खाली बघत म्हणाले, "तुमचं नाक डॉक्टरीणबाईंच्या खिडकीपर्यंत पोचलंय."

मी हातानं नाक चाचपलं. जागेवर होतं. मग बाहेर जाऊन वर पाहिलं.

भिंतभर मी होते. जाड काळ्या रेघेत काढलेली, निळ्या केसांची. गालांवर गुलाबी ठिपके, सगळे एका मापाचे, शाळेच्या प्रार्थनेला उभे राहावेत तसे रांगेत. लाल ओठ मिटलेले. डाव्या डोळ्यातून खाली आलेला एक टपोरा थेंब, माझ्या घरातल्या कुठल्याही भांड्यात मावला नसता एवढा. चेहऱ्याखाली वाटाण्याच्या डब्यांची रांग, एकच डबा पुन्हा पुन्हा, प्रत्येकाचा रंग वेगळा. आणि ओठांजवळून निघालेला मोठा फुगा, चित्रकथांमध्ये पात्रांच्या बोलण्याचा असतो तसा. फुग्यात काहीही नव्हतं.

"मी कधी रडले?" मी विचारलं.

"कांदा चिरताना," भाची परांचीवरून म्हणाली. "आत्या, तू हो म्हणालीस ना? तीनदा विचारलं मी."

मी खोटं बोलत नाही. हो मी म्हटलं नव्हतं, पण मान हलली हेही खरं होतं. मी तिला जपाचं सांगितलं. ऐकता ऐकता ती परांचीच्या फळीवर खाली बसली, आणि तिचा चेहरा असा झाला की भिंतीवरचा थेंब मला लहान वाटू लागला.

"पुसून टाकते," ती म्हणाली.

"आधी सांग तर, हे काय आहे?"

"पॉप आर्ट म्हणतात याला." ती खाली उतरली. "राजेरजवाडे, देखावे, असलं काही काढायचं नाही. आपण रोज जे बघतो आणि बघतच नाही, तेच घ्यायचं. दुकानातला डबा, साबणाची जाहिरात, चित्रकथेची चौकट. ते मोठं करायचं, भडक करायचं, पुन्हा पुन्हा काढायचं, म्हणजे डोळ्याला थांबावंच लागतं. हे ठिपके छापखान्याचे आहेत. स्वस्त कागदावर रंग छापताना असे ठिपके पडायचे. ते लपवायचे नाहीत, उलट दाखवायचे."

"पण तोच तो डबा सारखा सारखा कशाला काढायचा?"

"बघ ना. तोच आहे का?"

मी पाहिलं. डबा तोच होता. पण पिवळा डबा जरा गर्विष्ठ वाटत होता, निळा थकलेला, आणि शेवटचा केशरी नुकताच आंघोळ करून आल्यासारखा. माझ्या माळेतले मणीही सगळे सारखे आहेत, आणि बोटाला प्रत्येक वेगळा लागतो. नावही एकच घ्यायचं असतं, तेच ते, दिवसेंदिवस. बाहेरच्याला वाटतं, ही बाई एकाच शब्दावर अडकलीय. मी काही चित्रातली जाणकार नाही. पण एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करण्याबद्दल मला कुणी शिकवायला नको.

"पूर्ण कर," मी म्हटलं. मग आठवलं. "पण पांढरी?"

"फुगा पांढराच आहे की. आतला रंग मी दिलेलाच नाही, ती आहे ती भिंतच."

दुसऱ्या दिवशी दिवा लावताना मी सासूबाईंच्या तसबिरीकडे पाहायचं टाळलं.

चादरी निघाल्या आणि माझे दिवस फिरले. रस्त्यानं जाणारे थांबायचे, भिंतीकडे बघायचे, मग माझ्याकडे, मग पुन्हा भिंतीकडे. "भिंतीवर बऱ्या दिसता," असं एका बाईंनी मला तोंडावर सांगितलं, आणि सकाळ असल्यानं मला उत्तरही देता आलं नाही. दुकानात एकानं ठिपक्यांवर मलम सुचवलं. डॉक्टरीणबाईंची तक्रार नाकाबद्दल नव्हतीच. "ओठ मिटलेले आणि बोलण्याचा फुगा निघालाय, हे शास्त्राला धरून नाही," त्या म्हणाल्या. "तोंड उघडं काढा. दात मी सांगते."

पण खरा त्रास दिला फुग्यानं. रिकामी जागा माणसाला बघवत नाही. बसायला जागा असो की बोलायला, कुणीतरी येऊन टेकतंच.

"त्यात 'येथे वाहने लावू नयेत' लिहू," सेक्रेटरी म्हणाले.

"माझ्या तोंडून?"

"तुमच्या तोंडून लोक ऐकतील, वहिनी. माझं कुणी ऐकत नाही."

डॉक्टरीणबाईंना "दात वेळेवर तपासा" हवं होतं. आमचे हे म्हणाले, "'जेवायला चला' लिहा. हिचं तेवढंच वाक्य मी आजवर पहिल्या हाकेला ऐकलंय." मग लोकांनी विचारणंही सोडलं. परांची अजून उभीच होती, त्यामुळे रोज सकाळी फुग्यात खडूनं काहीतरी लिहिलेलं असायचं. "बोला बाई." "पाणी कधी येणार?" "उद्या गणिताचा पेपर आहे, काहीतरी करा." भाची रोज दुपारी ओल्या फडक्यानं ते पुसायची आणि वर पांढऱ्या रंगाचा हात फिरवायची. सगळे हसत होते, पण थांबत होते, बघत होते. कुणी दगड मारला नाही. भाचीचा चेहरा हळूहळू उजळला. "बाबांना पुढच्या आठवड्यात बोलावते," ती म्हणाली.

आणि दुकानदारानं पाटी ठोकली.

त्याचा हेतू वाईट नव्हता. भिंतीवर वाटाण्याचे डबे, कोपऱ्यावर वाटाण्याचे डबे, मध्ये नुसती चुकामूक नको, एवढाच त्याचा विचार. चित्रातल्या डब्यांच्या खाली त्यानं एक फळी ठोकली: "हेच वाटाणे कोपऱ्यावर मिळतील," आणि एक बाण. त्याची विक्री वाढली म्हणे. तिसऱ्या दिवशी नगरपालिकेचा माणूस आला. विनापरवाना जाहिरात, सबब भिंत पूर्ववत करावी.

सेक्रेटरी आणि मी नगरपालिकेत गेलो. अधिकारी साहेबांच्या खुर्चीला सुतळीनं उशी बांधलेली होती, आणि पंख्याचा वारा फक्त त्यांच्या कपाटाला लागत होता. मी सगळं समजावून सांगितलं.

"काय म्हणाल्या?" साहेबांनी सेक्रेटरींना विचारलं.

"त्या म्हणतात, चित्र त्यांचं आहे."

"मी म्हणाले, चित्र भाचीचं आहे," मी म्हटलं.

"त्या म्हणतात, भाचीही त्यांचीच आहे."

साहेब दमले. "हे बघा," ते म्हणाले, "नुसतं चित्र असेल तर आमच्याकडे त्याला सदर नाही, म्हणजे वहीत रकानाच नाही. पुतळा असता तर उद्यान विभागाकडे पाठवला असता. जाहिरात असेल तर परवाना नाही, म्हणजे पुसणं आलं. सूचनाफलक असेल तर परवाना लागत नाही, पण त्याला मजकूर लागतो. तुमचा फुगा रिकामा आहे. म्हणजे तो झाला अपूर्ण फलक."

"अपूर्ण फलकाचं काय करतात?"

"पुसतात."

शेवटी एक वाट निघाली. साहेब स्वतः पाहणीला येणार. ज्यांच्या घराची भिंत आणि ज्यांचा चेहरा, त्या बाईंनी जागेवर तोंडी जबाब द्यायचा, स्वतःच्या शब्दांत. मग ते ठरवतील.

घरी आले तर दादाचा फोन येऊन गेलेला. त्याला बातमी लागली होती. "पुसणार आहेत असं ऐकलं," तो लेकीला म्हणाला होता. "काउंटरवरची खुर्ची मीही पुसून ठेवतोय."

भाची स्वयंपाकघरात गुलाबी चाळण घासत बसली होती. ती आता कशानंही पांढरी होणार नव्हती, तरी घासत होती. "आत्या," ती वर न बघता म्हणाली, "तू बोलशील ना माझ्या बाजूनं?"

"बोलेन," मी म्हटलं.

माझा शब्द म्हणजे शब्द. खोटं मी बोलत नाही. आणि संध्याकाळी सेक्रेटरी निरोप घेऊन आले की साहेब पाहणीला सकाळीच येतात, दुपारी त्यांना पायाचा त्रास होतो.

घरात सभा भरली. आमचे हे म्हणाले, "एक दिवस बोललीस तर देव काय घड्याळ लावून बसलाय?" मी म्हटलं, "देव नाही बसलेला. मी बसलेय." साहेबांना वेळ बदलायला सांगायला सेक्रेटरी गेले आणि उलट पाण्याच्या टाकीबद्दलची जुनी नोटीस घेऊन परत आले. डॉक्टरीणबाईंचा उपाय सगळ्यांत सरळ होता. "मी तुमची एक दाढ काढते. मग बोलता येत नाही असं मीच लिहून देते."

"दाढ दुखत नाहीये," मी म्हटलं.

"काढल्यावर दुखेल."

नेम मोड, असं भाचीनं मात्र एकदाही म्हटलं नाही. त्यामुळेच माझी पंचाईत झाली. तिनं हट्ट धरला असता तर मला नाही म्हणता आलं असतं.

सकाळी आंघोळ झाली. देवापुढे बसले, पण मान हलेना. बाहेर आवाज वाढत होते. मी उठून गेले.

साहेब रस्त्याच्या पलीकडे उभे होते, मान वर करून. त्यांच्याजवळ दादा. त्यानं दुकान बंद ठेवलं होतं; आमची आई गेली तेव्हाही त्यानं अर्धाच दिवस बंद ठेवलं होतं. तो डोळे बारीक करून भिंतीकडे बघत होता. "हा रंगआंधळेपणा तपासायचा तक्ता आहे," तो म्हणाला. "ठिपक्यांत आकडा असतो. यात आकडा कुठे आहे?"

"आकडा नाही, बाबा. आत्या आहे," भाची म्हणाली. तिचे हात मागे बांधलेले होते.

मग सगळे माझ्या वतीनं बोलू लागले. सेक्रेटरी म्हणाले, वहिनींची हरकत नाही, पण इमारतीची हरकत आहे की नाही हे अजून ठरायचंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुसण्याआधी निदान दात काढून बघा. दुकानदार फळीपुढे पाठ करून उभा होता आणि फळी नाहीच असं दाखवत होता; फक्त बाण त्याच्या कमरेमागून बाहेर डोकावत होता. आमचे हे म्हणाले, "साहेब, तिचं म्हणणं तिच्याइतकंच मला माहीत आहे," आणि मग पुढे काय म्हणावं ते त्यांना सुचेना.

"बाईंनी सांगायचंय," साहेब म्हणाले. "बाई, तुमचं म्हणणं काय?"

मी मान हलवली.

"मान हलवणं नोंदवता येत नाही."

बरोबरच होतं. मान हलवूनच तर इथवर आलो होतो.

समोर माझाच चेहरा होता, घराएवढा, तोंड मिटून उभा, आणि त्याच्याजवळ ती मोकळी पांढरी जागा. आयुष्यभर मला कुणी एवढी जागा बोलायला दिली नव्हती. दिली असती तरी मी "नको, एवढी कशाला," असंच म्हटलं असतं.

भाचीच्या पायाशी काळ्या रंगाचा डबा होता. मी तो उचलला, ब्रश घेतला आणि परांचीवर चढू लागले. "अहो, अहो," असं कुणीतरी म्हणालं, बहुधा आमचे हेच. फळी हलत होती. वर गेल्यावर माझं नाक मला हाताला लागलं. फारच मोठं काढलं होतं, पण सकाळ असल्यानं तसं बोलायची सोय नव्हती. मी फुग्यासमोर उभी राहिले. माझं अक्षर लहान आहे. हात पूर्ण लांबवून, शक्य तेवढं मोठं लिहिलं. अक्षरं खाली ओघळली, पण लिहून झालं.

"मला तोंडी लागतं," साहेब खालून म्हणाले. "कुणीतरी वाचा तरी."

कुणी पुढे होईना. आणि दादा, ज्याचा जन्म लोकांना समोरची अक्षरं वाचायला लावण्यात गेला, तो नेमका डोळे तपासायच्या अंतरावर उभा होता. अक्षर मोठं, उजेड भरपूर. त्याला राहवलं नाही.

"मला," त्यानं वाचलं. मग थांबला. "हे. हवं. आहे."

"कुणाला हवं आहे?" साहेबांनी विचारलं.

दादानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "माझ्या बहिणीला," तो म्हणाला. "लहानपणी वाटणीत उरलेलं असेल ते उचलायची ती. तिला काय हवंय, हे मी आज पहिल्यांदा वाचतोय. लिहून घ्या."

"काय हवंय, ते स्पष्ट सांगा."

दादानं पुन्हा वर पाहिलं. या वेळी आकडा शोधत नव्हता. "हे सगळं," तो म्हणाला. "माझ्या मुलीनं काढलेलं."

साहेबांनी लिहून घेतलं. मग दुकानदाराला बाजूला केलं, बाणाकडे बघितलं. "ही फळी?"

"निघाली म्हणून समजा," दुकानदार म्हणाला, आणि खरोखरच हातानं उपटून काढली.

"मग यात विकायला काही नाही?"

"नाही," सेक्रेटरी म्हणाले. नियमाचा आधार न घेता बोललेलं त्यांचं हे मी ऐकलेलं पहिलं वाक्य.

"म्हणजे जाहिरात नाही. मजकूर आहे, म्हणजे अपूर्णही नाही." साहेबांनी पाय चोळला. "पण मजकूर कायम ठेवलात तर तो फलक होतो, आणि फलकाला दरवर्षी मंजुरी लागते. उद्या पुसून टाका. फुगा मोकळा राहिला तर भिंतीला नुसतं चित्र म्हणता येईल, आणि चित्राला आमच्याकडे सदर नाही. सदर नाही त्याला कुणी हात लावत नाही. मात्र तिथे कुणी काही खरडलं तर मी परत येईन. ती जागा पांढरी ठेवायची, ही जबाबदारी बाईंची. कबूल?"

मी वरूनच मान हलवली. या वेळी जप चालू नव्हता. साहेबांनी क्षणभर विचार केला आणि ती नोंदवून घेतली.

मी खाली उतरले तेव्हा दादा लेकीजवळ उभा होता, दोघंही भिंतीकडे बघत. "दुकानाच्या शटरवर एक डोळा काढशील?" तो म्हणत होता. "ठिपके जरा बारीक काढ. गिऱ्हाईक घाबरतं."

"घाबरलं की डोळे मोठे करतं, बाबा. तपासायला सोपं."

"काउंटरवर बसू नकोस म्हणजे झालं," दादा म्हणाला.

दुपारी दिवा लावला. भाची माझ्यासमोर येऊन बसली, मी काय बोलते याची वाट बघत. सासूबाईंच्या तसबिरीकडे मी बऱ्याच दिवसांनी नीट पाहिलं, मग तिच्याकडे वळले.

"नाक लहान करता येईल का?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. ती माझीच भाची. खोटं बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी आंघोळ करून बाहेर आले. घर अजून निजलं होतं. ओट्याखाली पांढऱ्या रंगाचा डबा होता, त्यावर भाचीनं धुऊन ठेवलेला रुंद ब्रश. दार उघडून रस्त्याकडून डोकावलं तर भिंतीची कड दिसत होती, आणि काल लिहिलेलं शेवटचं अक्षर, ओघळून वाळलेलं. त्याच्याखाली रात्रीत कुणीतरी खडूनं भर घातली होती: "आम्हालाही."

मी डबा उचलला, ब्रश घेतला, बाह्या वर सारल्या आणि आवाज न करता दार ओढून घेतलं.